कोबेचं चांदीचं नाणं

बाबा, तुम्ही जहाजावर फिटर असताना आईसाठी जपानमधल्या कोबेहून आणलेलं ते नाणं खरं आहे. आधी हेच सांगतो, बाकीचं मागून.

मी माझ्या ओळखीच्या एका जुन्या नाणेसंग्राहकांना नवीन पनवेलच्या घरी बोलावलं होतं, तो दिवस आठवतो. तुम्ही त्यांना कोबेची गोष्ट रंगवून सांगता: म्हातारीचं दुकान, खाणाखुणांनी केलेला सौदा. मग देव्हाऱ्यातून नाणं काढून, बनियनला पुसून त्यांच्या हातावर ठेवता. एका बाजूला वेटोळं घातलेला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला पानाफुलांच्या माळेत अक्षरं आणि शेजारी एक छोटा गोल ठसा. ते म्हणाले, "काका, नकली आहे. असे ठसे मारून जुनं भासवतात. बाजारात पोत्यानं मिळतात." तुम्ही हसलात. "आसंल. आमी इंजिनातली मानसं, आमाला काय कलतंय?" त्यांना चहाशिवाय जाऊ दिलं नाहीत. पण कोबेची गोष्ट तुम्ही त्यानंतर कधीच सांगितली नाहीत. आई मात्र लक्ष्मीपूजनाला ते नाणं मांडत राहिली.

तुम्ही गेल्यावर मी जपानी नाण्यांच्या मागेच लागलो. नकली नाणी मुद्दाम विकत घेऊन पाहिली. ओतीव नाण्यावर ड्रॅगनचे खवले वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत दिसतात, कडेला साच्याची बारीक रेघ राहते, काही तर चुंबकाला चिकटतात. लोकांची नाणी मी बघता बघता ओळखायचो. आपलं हातात घ्यायचा धीर होत नव्हता.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "नातसुनेचं तोंड बघायला हेच द्यायचं हाय. पन खोटं असंल तर आत्ताच सांग. माज्या हातून खोटं जायला नको."

सराफाकडे वजन केलं, बरोबर भरलं. घरी येऊन खिडकीशी बसलो. चुंबकाला नाणं ढिम्म. भिंगाखाली ड्रॅगनच्या मानेवरचा एकेक खवला सुटा. राहिला तो ठसा. जपानने ही नाणी चलनातून काढली तेव्हा काहींवर 'चांदी' या अर्थाचं अक्षर ठोकून ती बाहेरच्या मुलखात वापरायला पाठवली होती. ठोकलेल्या ठशाच्या बरोबर मागे नाणं जरासं चेपतं; नकली ठसा नाण्याबरोबरच ओतलेला, त्याच्या मागे बहुधा काही होत नाही. मी नाणं उलटलं. ड्रॅगनच्या अंगावर नेमके तिथलेच खवले दबलेले होते.

"आई, बाबा फसले नव्हते!" मी ओरडलोच. आई भाकऱ्या करत होती. "मना ठाव व्हता," एवढंच म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच उभी राहिली. किती वर्षांनी छाती हलकी झाली, बाबा.

हे पत्र जाणार कुठे, कपाटातच राहील. म्हणून सांगून टाकतो: ते खवले दबलेले नसते, तरी आईला मी हेच सांगणार होतो.