भावाचा लेखी होकार

कावागोए, ५ नोव्हेंबर

ती. सुमिएताईस, तेत्सुरोचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावच्या पालिकेचं पत्र आलं. तुमची बहीण सरकारी मदत मागते आहे, तुम्ही तिला सांभाळू शकता का, असं विचारलंय. होणाऱ्या विहीणबाई चहाला आल्या होत्या आणि त्यांच्यासमोरच बायकोने पाकीट फोडलं. माझ्या माहोचं लग्न ठरतंय हे तुला ठाऊक होतं. आपल्या घरात आजवर कुणी सरकारपुढे हात पसरले नव्हते. मला तुझी लाज वाटते. अर्ज मागे घे.

तब्येतीस जपावे.
तेत्सुरो

नोशिरो, ११ नोव्हेंबर

चि. तेत्सुरोस, राग आला असला तरी आशीर्वाद.

हॉटेलातल्या चादरी धुऊन गुडघे गेले, तेव्हा मालकाने घरी बसवलं. पेन्शन भाड्यातच जाते. खिडक्या आतून गोठल्यात आणि स्टोव्हला रॉकेल नाही. भावाला कळवू नका म्हणून मी पालिकेतल्या साहेबाच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, नियमच आहे, आधी नातलगांना विचारायचं. थंडी मला वाजते आणि विचारणार तुला.

तू फक्त 'जमणार नाही' एवढं लिही. आईच्या आजारपणातही तुला जमलं नव्हतं, तेव्हा खोटं लिहावं लागणार नाही.

माहोला आशीर्वाद.
सुमिए

कावागोए, १८ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

आईचं नाव मध्ये आणायचं कारण नव्हतं. 'जमणार नाही' लिहून चारचौघांत शोभा करून घेऊ? बहिणीला मी सांभाळीन, असं पालिकेला ठणकावून कळवलंय. विहीणबाईंनाही वाचून दाखवलं, त्यांना फार कौतुक वाटलं. पैशांचं लग्नानंतर बघू. तोवर जरा काटकसर शीक.

कळावे.
तेत्सुरो

नोशिरो, २९ नोव्हेंबर

चि. तेत्सुरोस,

अर्ज निकालात निघाला, भाऊ सांभाळणार म्हणून मदत नामंजूर. साहेब म्हणाला, आजी, नशीबवान आहात, असा भाऊ हल्ली कुणाला मिळतो. तिथेच बाकावर बसून रडले. घरी येईपर्यंत मात्र संतापाने अंगात ऊब आली, या हिवाळ्यात पहिल्यांदाच.

खोली सोडली आहे. टीव्ही विकून बसचं तिकीट काढलं, गादी गुंडाळून ठेवली. गुरुवारी सकाळी तुझ्या दारात असेन. माहो सासरी गेली की तिची खोली मला चालेल. तोवर बाहेरच्या खोलीत झोपेन, विहीणबाई चहाला बसतात तिथे. त्यांनी विचारलं तर कोण, कुठली, का आले, सगळं नीट सांगेन.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो तू सरकारला लिहून दिलाच आहेस.

तुझी,
सुमिए