दोन्ही हात वर

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल. नवरा म्हणाला, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तू, आता दोनशे उंदरांची आया होणार. हसू दे त्याला. खोली लख्ख, एकच जड दार. डावीकडे शंभर पिंजऱ्यांची मांडणी, उजवीकडे तेवढीच. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, दुपारी आवाजाची चाचणी. यंत्र मधूनच ‘टण्ण’ करतं, उंदीर किती दचकले ते मी टिपायचं. प्रमुख बाई इतक्या बारीक की मनातल्या मनात त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलंय. पाचवा महिना आहे म्हटल्यावर त्यांनी बसायला स्टूल दिलं, वर चक्क गादी. मधल्या वेळात लिहायला ही वही इथेच ठेवणार.

७ मार्च
टाचणीबाईंनी प्रयोग समजावला. डावीकडच्यांच्या पणज्या पिल्लं असताना त्यांना दुधातून निकोटिन मिळालं होतं, तंबाखूतलं. त्यानंतर कुणालाही थेंबभर नाही. तरी पणतवंडं जास्त दचकतात का, हे पाहायचंय. मला दिसलं ते वेगळंच. उजवीकडचे आवाज झाल्यावर दचकतात. डावीकडचे आवाजाच्या आधीच मागच्या पायांवर उभे राहतात, पुढचे दोन्ही वर करतात आणि थिजतात. मग टण्ण. वेळ यंत्रच ठरवतं, आधी कुणालाच कळत नाही. बाई म्हणाल्या, नोंदीत चुकत असशील. चार दिवस एकच चूक? राग आला मला.

१२ मार्च
सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे. डॉक्टर हसून म्हणाले, बघा, दोन्ही हात वर करून गप्प बसलंय. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. नवराही हसत होता. मला डावीकडचे उंदीर आठवले.

१४ मार्च
आईला विचारलं. तरुणपणी ती तंबाखूच्या गोदामात कामाला होती. तिथल्या बायका तान्ह्या पोरांना ओल्या पानांच्या पेट्यांत निजवायच्या, उबेत गप्प पडतात म्हणून. मीही तिथेच, वर्षभर. आईनं सहज सांगितलं, गठ्ठे दाबायचं यंत्र खाली यायच्या आधी तुम्ही सगळी हात वर करायचात, आम्हाला मौज वाटायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद होतं, तरी सगळ्यांनी हात वर केले. मग छप्पर कोसळलं. आईनं मला ओढून काढलं. बाकीच्या पेट्या छपराखालीच राहिल्या.

१७ मार्च
डोळे मिटून चाचणीला बसले. पोटातली हालचाल थांबते— मग टण्ण. दर वेळी. माझ्याकडूनच गेलंय हे. माझं नाक घे, माझा राग घे, पण हे नको रे बाळा. उद्या नोकरी सोडते.

१८ मार्च
बाई म्हणाल्या, आजची दुपार तेवढी काढ. भुसा भरून झाला. चाचणी घेणार नाही. वायर मीच उपटलीय.

डावीकडचे उभे राहिले. सगळेच्या सगळे—

यंत्र बंद आहे. प्लग माझ्या हातात आहे, बंद आहे—

बाळ थांबलंय.

दार आठ पावलांवर. ऊठ म्हणतेय स्वतःला, पाय—

डावा हात वर गेला, प्लगसकट. मी नेला नाही. आता उजवा—