नळ किती उघडायचा

दि. १२ एप्रिल २०२५

सौ. जयाताई,

स्वप्निलचा नमस्कार. आई रोज मोहफुलं वेचायला जाते, गुडघे दुखतात हे कबूल करत नाही. अहेरीला ऊन कसं आहे? तुझ्या दिव्यानीची परीक्षा कशी गेली? फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

तलावातून येणारं पंचायतीचं पाणी मीच सोडतो, तुला ठाऊक आहे. पाण्याच्या नळीत बसवलेल्या अतिनील दिव्याच्या उजेडाने जंतू मरतात. हिवाळाभर तेच गणित वहीत मांडत होतो. पूर्ण नळावर पाणी दिव्यापुढे दहा सेकंद राहतं, पाव नळावर चाळीस. नितळ पाण्यात दर दहा सेकंदांनी दहातला एकच जंतू उरतो. हजाराचे शंभर, शंभराचे दहा. गढूळ पाण्यात उजेड निम्माच पोचतो, म्हणून दुप्पट वेळ लागतो.

मासेमार सोसायटीचे सोमाजीभाऊ हसले. "दिवा जळून राह्यला ना बे? मंग वहीत काऊन डोकं घालतं?"

पाण्याच्या दोन बाटल्या तपासणीला पाठवण्याआधी मी अंदाज लिहून सरपंच इंदुताईंकडे बंद पाकिटात दिला. गढूळ पाणी, पूर्ण नळ: हजारातले तीनशे उरतील. तुरटीने निवळलेलं, पाव नळ: एकही नाही. अंक पाच वेळा तपासले.

काल अहवाल आला. इंदुताईंनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. पहिल्यात दोनशे नव्वद. दुसऱ्यात शून्य.

सोमाजीभाऊंनी कागद उलटसुलट पाहिला. "मले वाचता येत नाई, पण शून्य वळखतो. सव्वीसले तलावात जाळं पडते. तू म्हणशील तेवढाच नळ."

ताई, मागच्या वर्षी जाळं पडलं तेव्हा तुम्ही मासे खायला आला होता. तळाचा गाळ वर आला होता, हंड्यांची रांग लागली होती. मी नळ पूर्ण उघडला. दिवा लागलाय, एवढंच पाहिलं. दिव्यानी चार दिवस दवाखान्यात होती आणि मी चारचौघांत म्हणालो, तूच तिला वाटेत उघड्यावरचं खाऊ घातलंस. तेव्हापासून माहेरी येताना पाण्याची बाटली सोबत आणतेस.

वहीचं पहिलं पान त्याच दिवसाचं आहे. काल पंचायतीत तेही वाचून दाखवलं. चूक माझी होती. आई ऐकत होती.

सव्वीसला दिव्यानीला घेऊन ये. पाणी आदल्या दिवशीच निवळून ठेवीन. रांग कितीही लांब असो, नळ पावच उघडीन. बाटली आणू नकोस.

त्या दिवशी नळ पूर्ण उघडणारा,
तुझा भाऊ
स्वप्निल