बिनमाशांची टाकी

१६ ऑगस्ट, शनि.
दगड आले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यातून. वाळूही ओलीच. हॉलभर खारट, कुबट वास.
केतू कोकणातलं कॉलेज अर्ध्यावर टाकून घरी आली त्याला उन्हाळा उलटून गेला. समुद्रातल्या जिवांचं शिकायला गेली होती पोरगी. परीक्षेच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली, एवढंच कळलं. खोलीतून बाहेर येत नाही, बोलत नाही. तोंड उघडून मागितलं ते इतकंच, खाऱ्या पाण्याची टाकी. हे लगेच हो म्हणाले. मीही.

१८, सोम.
टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं.
"मासे कधी आणायचे?" मी.
"एवढ्यात नाही."
"मग टाकी काहून?"
तर चक्क समजावून सांगत बसली. दगड समुद्रातून तोडलेला नाही, सिमेंटचाच, पण दुकानदाराच्या जुन्या टाकीत वर्षानुवर्षं मुरलेला. त्यात जीव आहेत. आणताना काही मरतात, त्यांचा पाण्यात अमोनिया होतो. तो खाणारे जंतू दगडात, वाळूत वाढायला लागतात. ते पुरेसे झाले की मग मासे. तोवर मासा टाकला तर मरेल.
"फक्त थांबायचं, आई."
घरी आल्यापासून इतकी वाक्यं एका दमात ऐकली नव्हती. कुकर विसरले. वरण करपलं. करपू दे.

२३, शनि.
मारबतीची मिरवणूक बघायला हे दरवर्षीप्रमाणे; गावातली रोगराई तीच घेऊन जाते म्हणतात. घसा बसवून आले. केतूच्या आजारपणापासून ह्यांचं एकच ओरडणं, "डेंग्यू घेऊन जा गे मारबत!" प्लेटलेट उतरत चालल्या होत्या तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी काय काय बोलले देवाला, ते आठवत नाही हेच बरं.
तेव्हापासून आमच्याकडे रविवारचा कोरडा दिवस एकादशीपेक्षा कडक. कूलर उपसायचे, कुंड्यांच्या ताटल्या पालथ्या, फ्रीजमागचा ट्रेसुद्धा पुसायचा. जे रिकामं करता येत नाही त्यात औषधाचे थेंब. शेजारी ह्यांना इन्स्पेक्टर म्हणतात.
आज टाकीसमोर बराच वेळ उभे. "साचलेलं पाणी आहे वं हे."
"पंप चालू आहे, बाबा. आणि खाऱ्या पाण्यात नाही होत डास."
"मासा तं नाही न एकही. मासा असता तं अळ्या खाल्ल्या असत्या."
केतू हसली. विषय संपला असं वाटलं.

३१, रवि.
महालक्ष्म्या बसल्या. टाकीच्या काचेवर, वाळूवर तपकिरी बुरशीसारखं काहीतरी. पाहुणे येणार म्हणून घासणी घेऊन गेले तर केतूनं मनगट धरलं. "असू दे, हे येतंच."
संध्याकाळी नणंदबाई, "मासे मेले का वं सगळे?" तेवढ्यात केतूच बाहेर आली. बायकांच्या घोळक्यात गुडघे टेकून बसली, टॉर्च लावून दाखवत. दगडाच्या भोकातून एक बारीक जिवंत चांदणी, केसाएवढे पाय हलवत. काचेवर पळणारे पांढरे कण, ते म्हणे झिंग्यांचे लांबचे भाऊबंद. "मी आणलेच नाहीत हे. दगडातून निघाले." नणंदबाईंनी टाकीलाही हात जोडले.

९ सप्टें., मंगळ.
परीक्षानळीतला रंग उतरला म्हणे. अमोनिया जवळजवळ नाहीच. जेवताना आपण होऊन, "जानेवारीत परत बसता येतं परीक्षेला." आणि थांबली.  मी ह्यांना टेबलाखालून पाय मारला, मध्ये बोलू नका म्हणून.

१५, सोम.
सकाळी केतू टाकीसमोर फरशीवर. काचेवर काही पळत नाही. चांदणी वाळूवर उलटी, पाय आवळलेले. तिनं मीठ बघितलं, पाण्याची उष्णता बघितली. पुन्हा बघितली. सगळं ठीक.
"माझ्याच्यानं काहीच होत नाही, आई. दगडसुद्धा सांभाळता येत नाही."
खोलीचं दार लावून घेतलं. ऑफिसला गेले नाही.

१६, मंगळ.
धुवायला घेतलेल्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात डासांच्या औषधाची बाटली. डोक्यात लख्ख झालं. काल कळायला हवं होतं. परवा रविवार होता.
ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. चेहरा उतरला. "रिकामी तं करता येत नाही न ते टाकी. म्हणून दोन-चार थेंब. डासच मरते म्हणे त्याच्यानं. तिचीच खोली हॉलले लागून आहे वं..."
"आधी तिला सांगा."
"आत्ता कुठं बोलाले लागली ते. माझ्याशी बोलणंच टाकलं तिनं, तं?"
मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. भीतीपोटी केलं, तिच्याचसाठी केलं, सगळं कळतं मला. पण पोरगी स्वतःला दोष देऊन राहिली आहे आणि हा माणूस गप्प! इतका राग ह्यांचा लग्नापासून आला नव्हता.

१७, बुध.
ह्यांनी नाही सांगितलं. केतू जेवली नाही. टाकीकडे फिरकलीही नाही.
तिच्या दाराशी जाऊन परत आले. मी सांगितलं तर ती चुगली होईल. सांगायचं तर ह्यांनीच. पण किती वाट बघू? ती आत काय विचार करत असेल?

१८, गुरु.
हे गांधीबागेतलं दुकान नोकरांवर टाकून दुपारीच आले. चप्पलसुद्धा काढली नाही. बंद दारासमोर उभं राहून म्हणाले, "बेटा, टाकीत औषध म्या टाकलं. डासाचं. तुह्या हातून काही नाही झालं."
 मग दार उघडलं.
"किती थेंब?"
"चार. सहा असतीन."
मग जी ओरडली! खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. "सांगितलं काहून नाही? मी रडून राहिली होती अन् तुम्ही जेवून राहिले होते, बाबा!"
हे मान खाली घालून. मी गॅस बंद करून ओट्याला धरून उभी. रडत होते, आणि मनातून बरंही वाटत होतं. आल्यापासून ती कुणावर चिडलीच नव्हती, स्वतःशिवाय.
मग बादली ह्यांच्या हातात. "अर्ध्याच्या वर पाणी काढा. मी नाही करणार." खुर्चीवर पाय घेऊन बसली आणि सांगत राहिली. पाईप असा धरा, वाळू नका हलवू. हे अंधार पडेपर्यंत वाकलेले. नवं खारं पाणी भरलं, कोळशाची पुरचुंडी सोडली. औषध शोषून घेईल म्हणे, घेतलं तर.

२०, शनि.
केतूनं नळी भरली. अमोनिया पुन्हा चढलाय. "पुष्कळ मेलेत. ते खाणारे जंतू उरले असतील तर उतरेल."
"नसतील तर?"
नळी धुऊन पालथी ठेवली. जानेवारीचं मी विचारलं नाही.
ह्यांच्याशी बोलते, पण कामापुरतं. बादली द्या, लाइट लावा. त्या ओरडण्यानंतर बाबा अशी हाक नाही. ती आत गेल्यावर हे माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "बाबा म्हणेल न वं पुन्हा?"
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.