बार्नबीची सोयरीक

एल्म लेक, विस्कॉन्सिन
मार्चमधला रविवार

प्रिय वेंडेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, तर आधी घोटभर पाणी पी. बार्नबी ठणठणीत आहे. आज सकाळीच रताळी, अर्धं कलिंगड आणि माझ्या हातमोज्याचा अंगठा एवढं फस्त करून तो पाण्यात जाऊन पडलाय. त्याची सोबतीण क्लेमंटाइन मजेत आहे, मीही आहे. दर रविवारी फोनवर बोलतो, मग आज हिला कागद काळा करायची काय हौस आली, असं तुला वाटेल. सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगणार. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हा केवढा फायदा!

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की तू स्वतः ट्रक घेऊन येणार आणि बार्नबीला तुमच्या जॉर्जियाला नेणार, असं ठरलंय. तो जाऊ नये म्हणून मी किती वर्षं तुझ्याशी भांडतेय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुझं काम मी कधी कमी लेखलं नाही हं. अमेरिकेतल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांत मिळून बुटके पाणघोडे किती, कोण कुठे जन्मला, कुणाची आजी कोण, कुणाशी कुणाची गाठ मारली तर रक्त फार जवळचं होईल, हे सगळं तू सांभाळतोस. त्याचा वेगळा पगार ना पाणी. खुरवाल्या जनावरांत प्रत्येक जातीमागे असा एकेक वेडा असतोच, पण बाकीचे नुसती मोजदाद करतात आणि तू सोयरीक जमवायला बसतोस. स्वतःची बायको सोडून गेली तेव्हासुद्धा, ‘आमची जोडी लावणाऱ्याने नीट चौकशी केली नव्हती,’ असं म्हणून हसणारा माणूस तू. आणि आपल्या पाणघोड्यांत माद्याच जास्त जन्मतात, त्यामुळे नर म्हणजे सोन्याचा तुकडा. तो माझ्याकडे नुसता लोळत पडलाय, हे तुला बघवत नव्हतं. कळत होतं मला. पण कळलं म्हणून वळतं थोडंच?

जीन गेला आणि मी विधवा झाले, त्या हिवाळ्यात मी घरात कुणाशी बोलत नव्हते. शेजारची बर्निस रोज गरम जेवण आणून ठेवायची आणि मी ते तसंच परत पाठवायची. कामावर मात्र जात होते. गोठ्याचं दार उघडलं की बार्नबी पाण्यातून वर यायचा, कठड्यावर हनुवटी टेकवायचा आणि खाजवून दिल्याशिवाय हलायचा नाही. मला रडायला तीच एक जागा होती. असल्या जिवाला कुणी कागद दाखवून मागितलं, तर मी काय ‘घ्या, न्या’ म्हणणार होते?

आणि कसला आला होता तुझा नवरदेव! क्लेमंटाइनशी त्याची गाठ घालायला आपण काय काय नाही केलं? तू तिकडे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी इकडे गुडघाभर चिखलात. पाणी कोमट कर म्हणालास, केलं. पहाटे एकत्र सोड म्हणालास, सोडलं. आंबे घाल म्हणालास, घातले. ते दोघांनी वाटून खाल्ले आणि डोक्याला डोकं लावून झोपले. शेवटी मी माझ्याच अकलेने पोल्का नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या लावल्या, तर आमच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक हॅडली दारात उभा राहून म्हणतो, ‘वर्ना, यांचं जमो न जमो, तुझं पाऊल मात्र छान पडतंय!’ तुझं आपलं दर रविवारी तेच, ‘पोरगा भिडस्त आहे गं, वेळ लागेल.’ आणि मग एक दिवस म्हणालास, ‘भिडस्त नाही, त्याला ही मुलगीच पसंत नाही. माझ्याकडे पाठव, इथे दुसरी दाखवतो.’ त्या दिवशी मी फोन आपटला होता, आठवतंय?

मग सुरू झाल्या माझ्या सबबी. आधी खूर चिरला. चिरला होता खरंच, पण तो आठवडाभरात भरून आला. पुढच्या वर्षी थंडी: असल्या गारठ्यात जनावर रस्त्यावर काढायचं नसतं, हा तर तुमचाच नियम. त्याच्या पुढच्या वर्षी प्रवासाच्या पेटीत शिरायला तो तयार नाही म्हणून सांगितलं. पेटी मी गोठ्यात आणलीच नव्हती, मग शिरणार कशात? तू दर वेळी एक सुस्कारा टाकायचास आणि ‘बरं, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागायचास. मला वाटायचं, कसं गंडवलं याला! बर्निसचं मत वेगळं आहे. ती म्हणते, ‘तो माणूस एवढा भोळा असता, तर अख्ख्या देशातल्या पाणघोड्यांच्या आज्या त्याच्या लक्षात राहिल्या असत्या का?’

या वर्षी मात्र तू म्हणालास, ‘वर्ना, मी स्वतः येतो. वाटेत त्याच्याजवळ मी असेन.’ त्यावर मला सबबच सुचेना. ‘ये’ म्हणून बसले.

मग मी पिलारला गाठलं. पिलार ओचोआ, आमची जनावरांची डॉक्टर. म्हटलं, पोरी, याच्या पोटात काहीतरी शोध. खडा, सूज, जंत, काहीही चालेल, फक्त प्रवासाला मनाई लिहून दे. ती म्हणाली, ‘खोटं लिहिणार नाही. पण तपासते.’ तिने यंत्र आणलं, मी कलिंगडाच्या फोडी भरवत उभी राहिले. बार्नबी खुशीत. पिलार त्याच्या पोटावरून ते यंत्र फिरवतेय, फिरवतेय, आणि एकदम थांबली. वाटलं, घे, मागितलंस ना दुखणं, मिळालं! तर ती हळूच म्हणते, ‘वर्ना, याला गर्भाशय आहे.’

हो, वेंडेल. बार्नबी बाई आहे.

तू खाली बसला असशील तर पुढे वाच. केसही तपासायला पाठवले होते, परवा उत्तर आलं, शंकेला जागा नाही. या जातीत वरवर बघून भल्याभल्यांना नर-मादी कळत नाही, सगळं आतल्या आत झाकलेलं. पिल्लू असताना पहिल्या ठिकाणी कुणीतरी घाईत ‘नर’ लिहिलं आणि आपण सगळ्यांनी तेच पुढे चालवलं. म्हणजे इतकी वर्षं आपण दोन मैत्रिणींना कोमट पाणी, आंबे आणि पोल्का देऊन वर विचारत होतो, की बाळ का होत नाही! करायला गेले एक नि झालं भलतंच. पिलार हसून हसून ओल्या फरशीवर बसली. हॅडलीच्या नाकातून कॉफी आली. मी त्या दोघांना दम भरलाय, वेंडेलला माझं पत्र मिळेपर्यंत मिठाची गुळणी धरून बसायचं.

ते का, तर मे महिन्यात खुरवाल्यांची सभा आहे. तिथे तू उभा राहून नर किती, माद्या किती, कुठे काय जन्मलं ते वाचून दाखवणार. ही गोष्ट बाहेरून फुटली, तर ती ओकापीवाली बाई, जिराफाच्या त्या नातेवाइकांची नोंद ठेवणारी, तुला जन्मभर सोडायची नाही. म्हणून आधी तूच सांग. पोल्काचंही सांग, माझं नाव घेऊन सांग, मला चालेल. हसणाऱ्यांच्या आधी आपण हसलं की त्यांना फार काही उरत नाही. आणि एक नर कमी झाला म्हणून तुझा सगळा बेत मोडला, जमलेली स्थळं पुन्हा जुळवावी लागणार, त्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. जागरणं करू नकोस. तुझ्या डोळ्यांना ते झेपत नाही.

आता राहिली एकच गोष्ट. माद्या तुझ्याकडे रगड आहेत, त्यामुळे बार्नबीला कुणी मागायचं नाही. तो, म्हणजे ती, इथेच राहणार. मी जिंकले! उत्तर हातात आलं तेव्हा मी गोठ्यात अक्षरशः नाचले. मग बार्नबीची हनुवटी खाजवता खाजवता लक्षात आलं, की आता ट्रक येणार नाही, म्हणजे तूही येणार नाहीस. आणि वेंडेल, मी तिथेच बादली उपडी घालून बसले आणि ढसाढसा रडले. जानेवारीपासून मी स्वयंपाकघराला रंग देतेय, मक्याचा पाव तुमच्याकडच्यासारखा व्हावा म्हणून तीन वेळा करपवलाय, केससुद्धा कापून आले. बर्निस म्हणाली, ‘ट्रकवाल्यासाठी एवढा थाट?’ तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते. फोनवर हे बोलायला गेले असते, तर तू हवापाण्यावर नेलं असतंस आणि मीही खुशाल तुझ्यामागून गेले असते. म्हणून हे पत्र. एप्रिलमध्ये ये. ट्रक नको, साधी गाडी घेऊन ये. मागे जनावर नसलं, की परत जायची घाईही नसते.

तुझीच,
वर्ना