मांडीचा पॅच

दि. १४, बुधवार, दुपार

प्रिय चिमणे,
अनेक आशीर्वाद.

सासूबाईंचा खोकला उतरला का? मेहुण्यांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच असेल. त्यांना म्हणावं, जिना चढताना तरी वर्तमानपत्र वाचू नका. भाचीचा दात आला का? आणि तुझी कंबर? तू सगळ्यांचं सांगतेस, स्वतःचं गिळून टाकतेस. ही खोड आपल्या घरातलीच म्हणा.

मागे मी ‘दुकानात काम फार, येता येत नाही’ असं कळवलं होतं. काम चालू होतं, पण ते माझ्यावर. घाबरून उठू नकोस, खाली बस आणि पुढचं वाच. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडाली ती थेट माझ्या नडगीवर. मोडलेलं हाड सळई घालून जोडलं, पण त्यावरचं मांस-कातडं गेलं होतं. हाड उघडं राहिलं तर टिकत नाही म्हणे. पाय काढावा लागेल, अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, “काका, मांडीचा तुकडा काढून इथे बसवू. त्याच्या रक्तवाहिन्या इथल्या वाहिन्यांना जोडू. दुर्बिणीखाली, केसाहून बारीक दोऱ्याने.”

“म्हणजे पॅच!” मी म्हटलं. “जन्मभर पंक्चरच्या दुकानात तेच केलं.”

“तुमच्या पॅचला जेवायला लागत नाही, काका. आमच्याला लागतं.”

तुकडा बसला. पण केवढा फुगीर! नडगीवर उशी ठेवल्यासारखा.

इथून पुढचं लिहू की नको, असं करत पेन दोनदा खाली ठेवलं. पॅच लावला की आम्ही तो शिकंज्यात दाबून ठेवतो, नाहीतर उचलला जातो. माझे हात शिवशिवत होते. तुझी वहिनी डबा आणायला गेली तेवढ्यात मी तिच्या पिशवीतला टॉवेल पायाला करकचून आवळला, वर चादर ओढली आणि समाधानाने पडून राहिलो.

नर्सने चादर उचलली तेव्हा तुकडा जांभळा पडला होता. “कोणी बांधलं हे?” मी डबा घेऊन परतलेल्या वहिनीकडे बघितलं. ती बिचारी “मी नाही हो” म्हणत राहिली. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, “मी.” एकच पळापळ झाली. रक्त आत जात होतं, परतीची वाट मी बंद केली होती. पुन्हा ऑपरेशन झालं. गुठळी काढली, शीर नव्याने जोडली. शुद्धीवर आलो तर डॉक्टरीणबाई समोर उभ्या. “काका, मी येते का तुमच्या टायरला मलम लावायला?”

वहिनी माझ्याशी बोलेना. डब्याशी बोलायची. “सांग रे ह्यांना, भाजी गार होतेय.”

पण तुकडा वाचला, चिमणे. गुलाबी आहे, हाताला कोमट लागतो. नर्स पेनासारखं एक यंत्र त्याच्यावर टेकवते आणि आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. फुस्स, फुस्स. आयुष्यभर टबात ट्यूब बुडवून मी हाच आवाज शोधला, तो बंद करायला. आता तो चालू राहावा म्हणून कान टवकारून बसतो. वहिनीही डबा बाजूला ठेवून ऐकते. काल आवाज आला तशी म्हणाली, “चालू आहे हो.” मला म्हणाली, डब्याला नाही.

पायावर वजन टाकायला अवकाश आहे. काढायची भाषा मात्र आता कोणी करत नाही.

कळवलं नाही म्हणून रागावशील. हक्काने रागाव, पण पत्रातून आणि लवकर. कंबरेचंही खरं लिही. उत्तराची वाट बघतोय.

तुझा,
दोन्ही पायांचा दादा