आजचे पौंड की तेव्हाचे?

प्रिय बाबा,

आधी एक दुरुस्ती. मार्चमध्ये हॉस्पिटलमध्ये तुमच्या पलंगाशेजारी बसून मी सांगितलं होतं, की तुमच्यामागे आईला पैसे ती त्र्याण्णव वर्षांची होईपर्यंत पुरतील. ते चूक होतं. सगळं नीट धरलं तर शहाऐंशीपर्यंत पुरतात. आईची आई चौऱ्याण्णव वर्षं जगली, हे तुम्हाला माहीत आहेच.

हे आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय तिला सांगायचं धाडस होईना, म्हणून हे पत्र.

दमलेय हो मी. गेले पंधरा दिवस ऑफिसमधून येते, कुकर लावते आणि तीच फाईल उघडून बसते. काल उत्तर जे आलं तेच आज येतं. तरी उद्या पुन्हा उघडणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘मीरा, बेरीज तुला घाबरत नाही, तू कशाला तिला घाबरतेस?’

चूक सापडली ती चिवड्यामुळे. दिवाळीला बर्मिंगहॅमला गेले होते. निघताना आईने चिवडा बांधून दिला, अर्थात दह्याच्या डब्यात! मँचेस्टरला आल्यावर तो संपला, डबा धुतला आणि कपाटात जुन्या डब्यावर ठेवायला गेले, तर तो अलगद आतच जाऊन बसला. दुकान तेच, दही तेच, झाकणावरची गायसुद्धा तीच. डबा मात्र लहान.

आठवतं? मी आठ-नऊ वर्षांची असेन. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसवून तुम्ही मला घरातले दह्याचे सगळे जुने-नवे डबे एकात एक घालायला लावले होते. आई ओरडत होती, ‘अहो, त्यात डाळी आहेत माझ्या!’ तुम्ही म्हणालात, ‘किंमत वाढली की लोक आरडाओरडा करतात. डबा बारीक झाला की कुणी बघतसुद्धा नाही.’ शाळेत टक्केवारी शिकवायच्या कितीतरी आधी मी महागाई तुमच्याकडून शिकले.

मग ती तुमची सवयच झाली. घरात कुणी कसलाही आकडा उच्चारला, की तुमचा प्रश्न तयार. ‘आजचे पौंड की तेव्हाचे?’ मला पहिली नोकरी लागली आणि मी म्हटलं, दहा वर्षांत पगार दुप्पट होईल. आनंद राहिला बाजूला, आधी तो प्रश्न! आई म्हणायची, ‘तुझ्या लग्नाचं काढलं तरी तुझे बाबा विचारतील, आजचा नवरा की तेव्हाचा?’

आणि मी नेमकं तेच विसरले. तुमची पेन्शन, बचत, त्यावर मिळणारी वाढ, हे सगळं मी पुढच्या वर्षांच्या पौंडांत धरलं. खर्च मात्र आजच्या पौंडांत. माझ्या कागदावर आईच्या नव्वदाव्या वर्षीही गॅसचं बिल आणि कोथिंबीर आजच्याच भावाने येत होती. दोन वेगळ्या जातीचे पौंड मी शेजारी शेजारी मांडले आणि एकातून दुसरे वजा केले. तो खर्च महागाईबरोबर वाढवत नेला, तशी हिशोबातली दहा वर्षं गेली.

दुसरी चूक उलट्या बाजूची होती. तुमच्या न्यू जर्सीच्या नोकरीतलं ते जुनं रिटायरमेंटचं खातं आता आईच्या नावावर येईल. तिथला नियम असा, की ठरावीक वयानंतर दरवर्षी त्यातून ठरावीक हिस्सा काढावाच लागतो, गरज असो वा नसो. नाही काढला तर दंड. मी ती सगळी रक्कम खर्चात धरली होती, जणू काढली की संपली! पण काढावी लागते म्हणजे उडवावी लागते असं थोडंच आहे? कर भरून उरलेले पैसे आई इथल्या बचतीत टाकू शकते. ते सुधारल्यावर तीन वर्षं परत आली. दहा गेली, तीन आली.

बाबा, एक विचारू? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?

मी त्र्याण्णव म्हटलं, तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. आवाज अगदी खोल गेला होता, तरी मला ऐकू आलं. ‘आजचे की तेव्हाचे?’ मला वाटलं, औषधाच्या गुंगीत जुनं काहीतरी बोलताय. मी पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, ‘झोपा आता, बाबा.’

तुम्ही झोपलात. संध्याकाळी आई मऊ भात घेऊन आली, तर तिला म्हणालात, ‘मीराने बघितलंय सगळं. आता बस झालं तुझं ते सकाळचं पळणं.’ का म्हणालात? लहानपणी एक शून्य चुकलं तर अख्खं पान खोडायला लावायचात. त्या दिवशीच का सोडलंत मला?

आईने ते वाक्य धरून ठेवलंय. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, आठवड्यातले तीन दिवस साडेसहाची बस पकडून ती हॉस्पिटलच्या रिसेप्शनला कामाला जाते. परवा फोनवर म्हणाली, ‘सोमवारी मॅनेजरला सांगून टाकते. ख्रिसमसनंतर मी घरी!’

‘इतकी काय घाई आहे, आई?’

‘घाई? अगं, या वयात माणसं रिसेप्शनला पेशंट म्हणून येतात! आणि तुझ्या बाबांनी पास केलेला हिशोब आहे ना?’

मी ‘हो’ म्हटलं. एवढंच. मग ती म्हणाली, ‘बरं, त्यांनी जमवलेले ते दह्याचे डबे टाकून देऊ का? कपाट उघडलं की अंगावर येतात.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘मी आल्यावर बघू.’

गप्प राहायचं असंही मनात आलं होतं. दर महिन्याला माझ्या पगारातून तिच्या खात्यात थोडे पैसे टाकत राहायचं, तिला कळणारही नाही. दोन दिवस तो विचार फार बरा वाटला. पण तिच्या म्हातारपणाचा निर्णय तिच्या पाठीमागे घेणारी मी कोण? आणि मला उद्या नोकरी नसली तर? हा प्रश्नही तुमच्याच आवाजात आला.

तिने आणखी दोन वर्षं काम केलं तर पैसे नव्वदीपर्यंत पोचतात. ख्रिसमसला सोडलं, तर पुढे कधीतरी घर विकून लहान फ्लॅट घ्यावा लागेल. दोन्ही मी तिला दाखवीन. कुठलं बरं, हे माझ्या तोंडून येणार नाही. ती रागावली तरी आकडा गोड करून सांगणार नाही, आणि या वेळी सगळे पौंड आजचेच असतील. आधी मात्र कपाट उघडून डबे फरशीवर मांडीन. तिला तुमची भाषा माझ्यापेक्षा लवकर कळते.

सोमवारी ती मॅनेजरशी बोलणार आहे. मी तिकीट काढलंय आदल्या दिवशीचं, सकाळच्या ट्रेनचं. रविवार, नऊ नोव्हेंबर.

तुमची,
मीरा